वरच्या दुधाची माहिती डिलिव्हरीच्या आधीच घ्या: कधी, कुणाकडून आणि काय काय विचारून घ्यायचं

सातवा महिना संपत आला की घरात सगळी तयारी सुरू होते, दुपटी धुवून ठेवतात, डिंक-आळीव आणून ठेवतात, हॉस्पिटलची बॅग भरतात, आणि बाळ पिणार काय याचं उत्तर सगळ्यांनी एका वाक्यात देऊन टाकलेलं असतं, "आईचं दूध, अजून काय". उत्तर बरोबरच आहे. पण सिझरनंतरच्या तिसऱ्या रात्री बाळ रडायचं थांबत नाही, टाके ओढतायत, दूध अजून नीट उतरलेलं नाही आणि बाळाचा बाबा मेडिकलच्या काउंटरवर उभा राहून "लहान बाळाची पावडर द्या" म्हणतो, तेव्हा त्या घरात कुणालाच माहीत नसतं की कुठली द्यायची, किती द्यायची, कशात कालवायची आणि मुळात द्यायची गरज आहे का.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, की फॉर्म्युलाची, म्हणजे लहान बाळाच्या दुधाच्या पावडरची, माहिती प्रत्येक होणाऱ्या आईबाबांना बाळ यायच्या आधी मिळालीच पाहिजे, शांतपणे, आणि ज्याला त्यातून काही विकायचं नाही अशा माणसाकडून. मी गरोदर बायकांचे वर्ग घेते, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ अंगावर पाजण्यातच जातो आणि तसाच जायला पाहिजे. पण "हे सांगितलं तर बायका पाजायचा प्रयत्नच करणार नाहीत" हे जे म्हणतात ते मला पटत नाही. माहिती दडवली म्हणून पावडर घरात यायची थांबत नाही, फक्त ती चुकीच्या पद्धतीने कालवली जाते.

आकडेच बघा ना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. म्हणजे शंभरातल्या छत्तीसएक बाळांच्या पोटात पाणी, गाईम्हशीचं दूध, पावडर, पेज असं काही ना काही जात होतं. आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं होती फक्त ४१.८ टक्के. हे सगळे आईबाप काही निष्काळजी नसतात हो, त्यांना वेळेवर सांगणारं कुणी नसतं.

आता हॉस्पिटलात या विषयावर एवढं गप्प का बसतात? त्याला कारण आहे आणि ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. साठ-सत्तरच्या दशकात कंपन्यांनी गरीब देशांत पावडर विकायला नर्ससारखे कपडे घातलेल्या बायका वॉर्डात पाठवल्या, फुकट डबे वाटले, आणि फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असायचं. मग डबा परवडेना म्हणून पातळ कालवायचं, तेही गढूळ पाण्यात, आणि बाळं जुलाबाने आणि कुपोषणाने दगावली. त्यावरून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीची आचारसंहिता झाली, ११८ देश बाजूने आणि विरोधात एकटी अमेरिका. आपल्याकडे १९९२ मध्ये कायदा आला, डॉक्टर मंडळी त्याला आयएमएस ॲक्ट म्हणतात, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यामुळे दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या फॉर्म्युलाची, बाळांसाठीच्या तयार खाऊची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, सॅम्पल वाटता येत नाही, डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो छापता येत नाही, डॉक्टर-नर्सना भेटवस्तू देता येत नाहीत.

हा कायदा मला मनापासून हवा आहे आणि तो जसाच्या तसा पाळला गेला पाहिजे. पण तो कंपन्यांच्या विक्रीला लगाम घालतो. डॉक्टरांनी, सिस्टरनी, आशाताईंनी तुम्हाला पावडर केव्हा लागते आणि कशी करायची हे सांगायला त्यात बंदी नाही. उलट त्यातच म्हटलंय की अशा दुधाबद्दल शिकवणारं साहित्य असेल तर त्यात आईच्या दुधाचे फायदे, ते बनवायची नीट पद्धत, खर्च आणि चुकीच्या वापराचे धोके हे सगळं आलं पाहिजे. तेव्हा कुणी "आम्हाला सांगता येत नाही" म्हणालं तर नम्रपणे पुन्हा विचारा.

कधी आणि कुणाला विचारायचं

आठव्या महिन्यातली एक व्हिजिट यासाठीच ठेवा आणि बाबाला सोबत न्या, कारण रात्री मेडिकलला तोच जाणार आहे. शक्य असेल तर जी आजी बाळंतपणाला राहणार आहे तिलाही न्या, म्हणजे घरी आल्यावर "आमच्या वेळी असं नव्हतं" हा संवाद अर्धा तरी कमी होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे फार वेळ नसतो, म्हणून डिलिव्हरीच्या वेळी जे बालरोगतज्ज्ञ येणार आहेत त्यांचं नाव विचारून त्यांना आधीच भेटून या. सरकारी दवाखान्यात असाल तर एएनएम ताई, आशाताई, अंगणवाडी सेविका. मोठ्या हॉस्पिटलात स्तनपान समुपदेशक असतात, त्यांच्याशी बोला.

कंपनीच्या पैशाने चाललेला फुकट वेबिनार, "गरोदर मातांसाठी ग्रुप", गिफ्ट हॅम्पर देणारं कुठलंही रजिस्ट्रेशन, यांच्यापासून लांब राहा. आणि मेडिकलवाला कितीही ओळखीचा असला तरी तो दुकानदार आहे.

विचारायचं काय? पहिलं, जन्मल्यावर तासाभरात बाळ माझ्या अंगावर मिळेल का, सिझर झालं तरी? दुसरं, तुमच्याकडे न विचारता वरचं दूध देतात का, आणि द्यायचं ठरलं तर कारण सांगून, माझी संमती घेऊन देणार का? तिसरं, बाळाला वरच्या दुधाची गरज पडलीच तर आधी माझं काढलेलं दूध, मग दूध पेढीचं दूध, आणि मग पावडर, हा क्रम पाळता येईल का? चौथं, माझ्या बाबतीत दूध कमी येण्याचं काही कारण दिसतंय का, म्हणजे स्तनांचं आधी ऑपरेशन झालंय, थायरॉइड आहे, पीसीओएस आहे, डायबेटिस आहे, जुळी आहेत? आणि पाचवं, रात्री काही अडलं तर फोन कुणाला करायचा? हा पाचवा प्रश्न छोटा वाटतो पण पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त उपयोगी हाच पडतो.

दूध पेढी हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली अशी पेढी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दान दिलेलं दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास पाश्चराइज करून ते मुख्यतः कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना देतात. तुमच्या शहरात आहे का ते आधीच विचारून ठेवा. मात्र ओळखीतल्या कुणाचं न तपासलेलं दूध थेट घेऊ नका, आणि विकतचं तर नाहीच, आईच्या दुधाच्या विक्रीला परवानगी नाही असं एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे.

दूध खरंच पुरत नाहीये की तसं वाटतंय

माझ्या मते माहितीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, पावडर कशी कालवायची त्याच्याही आधीचा. कारण बहुतेक घरांत डबा येतो तो "बाळ रडतंय म्हणजे दूध पुरत नाही" या एका वाक्यावर.

पहिल्या दिवशी बाळाला लागतं किती? एका वेळेला २ ते १० मिली, म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्यापासून दोन चमच्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६०. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांचा जो घट्ट पिवळसर चीक असतो तो तेवढाच येतो, त्यामुळे छाती मऊ लागली, दाबल्यावर धार आली नाही, तर ते नॉर्मल आहे. भरून दूध येतं ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, सिझरला कधीकधी अजून एखादा दिवस उशिरा. हा चीक पिळून टाकून देतात अजून काही घरांत, ते अजिबात करू देऊ नका.

दिवसातून आठ ते बारा वेळा पिणं, संध्याकाळी तर तासातासाला मागणं, दुसरी-तिसरी रात्र सारखं छातीशी राहणं, मध्येच तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास अचानक भूक वाढणं, हे सगळं बाळं करतातच. त्याने दूध वाढतं, कमी होत नाही.

मग ओळखायचं कशावरून? लंगोटावरून आणि वजनावरून. पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोनेक, आणि पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त, रंग पाण्यासारखा किंवा फिकट. शी पहिल्यांदा काळी चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी. वजन पहिल्या दिवसांत ७ टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं, नंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. म्हणून डिस्चार्जच्या वेळचं वजन फाइलवर लिहून घ्या आणि दोन-तीन दिवसांत परत वजन करायला जा, घरच्या किराणा काट्यावर नको.

आता उलटी बाजू, आणि ही सांगताना मी कधीच हात आखडता घेत नाही. बाळ पिवळं पडत चाललंय, उठवलं तरी पीत नाही, चार तास झाले तरी स्वतःहून जागं होत नाही, पाचव्या दिवशीही शू गडद किंवा लंगोटावर विटकरी डाग, शी अजून काळीच, वजन १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उतरलंय, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे. अशा वेळी दिलेलं वरचं दूध हे औषध आहे आणि ते घ्यायला लागलं म्हणून आई कुठे कमी पडलेली नसते. काही बायकांना खरोखरच दूध कमी येतं, डिलिव्हरीत खूप रक्त गेलेलं असतं, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, स्तनातल्या दुधाच्या ग्रंथीच कमी वाढलेल्या असतात. "मनापासून प्रयत्न केला की येतंच" हे त्यांना ऐकवणं क्रूर आहे.

ज्यांना पहिल्या दिवसापासून लागणारच आहे

यांचा तर कुणी विचारच करत नाही. बाळ दत्तक घेणारे, सरोगसीने आईबाबा झालेले, आई केमोथेरपीवर असलेली घरं, आई बाळंतपणात गेलेली घरं. आणि ज्यांनी विचार करून अंगावर न पाजायचं ठरवलंय त्या आया, त्यांचं कारण काहीही असो. अगदी क्वचित बाळालाच आजार असतो, गॅलेक्टोसेमियासारखा, ज्यात आईचं दूध चालतच नाही आणि खास फॉर्म्युला द्यावा लागतो. दत्तक घेणाऱ्या आईबाबांना फाइलीतले सगळे कागद समजावून सांगतात पण बाळ घरी आल्यावर पहिली बाटली कशी करायची हे शिकवायला कुणी नसतं, निदान मी भेटलेल्यांना तरी कुणी शिकवलेलं नव्हतं. तुम्ही यांपैकी असाल तर आधीच बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि दूध करून दाखवायला सांगा, नुसतं तोंडी नको.

एचआयव्ही असलेल्या आईला आपल्याकडे औषधं नियमित चालू ठेवून पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजायचा सल्ला देतात, आणि त्या सहा महिन्यांत अंगावरचं आणि वरचं मिसळू नका असं सांगतात. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राच्या, समुपदेशकांशी बोलूनच ठरवा, शेजारणीच्या ऐकीव माहितीवर नको.

डबा कुठला

"स्टेज १" किंवा जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत असं लिहिलेलाच. सहा महिन्यांनंतरचा, किंवा धान्याचा तयार खाऊ येतो तो डबा, हे दिसायला सारखे असतात आणि घाईत चुकीचा दिला जातो. चहात घालायची दूध पावडर तर कधीच नाही. गाईचं किंवा म्हशीचं दूध पाणी घालून देणं आपल्याकडे अजून सर्रास चालतं, पण वर्षाच्या आतल्या बाळाला ते मुख्य दूध म्हणून देऊ नका, त्यात लोह नगण्य असतं आणि त्यातलं प्रोटीन-मीठ बाळाच्या किडनीला झेपत नाही, पाणी घातलं तर वर आणि ताकदही जाते.

महागडा डबा म्हणजे चांगला डबा असं नसतं. स्टेज १ च्या प्रत्येक डब्यात काय किती असावं हे एफएसएसएआयने ठरवून दिलेलं आहे, त्यामुळे साधा डबाही पोषणाला पुरतो. सोयाचा, लॅक्टोज नसलेला, उलटीसाठीचा, हे सगळे डॉक्टरांनी सांगितले तरच. सील, तारीख बघा, आणि उघडलेला डबा त्यावर लिहिलेल्या मुदतीतच संपवा.

खर्चाचा हिशेब डिलिव्हरीच्या आधी करा. चार किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० मिली लागतं, किलोला १५० मिली या हिशेबाने. तीस मिलीला डब्यातला एक चमचा धरला तर वीस चमचे, एक चमचा साधारण साडेचार ग्रॅमचा, म्हणजे दिवसाला नव्वद ग्रॅम. चारशे ग्रॅमचा डबा साडेचार दिवसांत संपतो. महिन्याला सहा-सात डबे. तुमच्या मेडिकलमधल्या किमतीला सातने गुणून बघा, आणि हे पूर्ण वरच्या दुधावर असताना. हा आकडा आधी कळला तर पुढे डबा पुरवण्यासाठी पातळ कालवायची वेळ येत नाही, निदान अंगावरचं टिकवायला अजून एक कारण तरी मिळतं.

कालवायचं कसं

हे मी प्रत्येकाला ओट्यापाशी उभं करून करायला लावते, कारण वाचून समजलं असं वाटतं आणि हात चुकतो.

हात साबणाने, नखांपर्यंत. ओटा पुसलेला. वाटी, चमचा, बोंडलं किंवा बाटली-निपल, जे वापरणार ते आधी घासून, मग पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळलेलं. पिण्याचं पाणी ताजं घ्या आणि खळखळ उकळा, फिल्टरचं असलं तरी, सीलबंद बाटलीतलं असलं तरी. आता लोक पाणी गार करत ठेवतात आणि तासाभराने कोमट पाण्यात पावडर टाकतात, इथेच चुकतं. पावडर निर्जंतुक नसते, सीलबंद डब्यातलीही नाही, तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो आणि नवजात बाळाला त्याने मेंदूज्वर होऊ शकतो. तो मरायला पाणी ७० अंशांच्या वर लागतं. लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत वापरा, थोडंच उकळलं असेल तर त्याहून बरंच आधी. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं, त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण बाळ दोन महिन्यांच्या आतलं, कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर मी गरम पाण्याचाच आग्रह धरीन.

आधी पाणी मोजून ओतायचं, मग पावडर. उलटं केलं तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. चमचा त्याच डब्यातला, दुसऱ्या कंपनीचा चमचा मापाला वेगळा असतो. पावडर चमच्यात हलकेच भरा, ठोकून दाबून नाही, आणि स्वच्छ कोरड्या सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट काढा. बऱ्याच डब्यांवर ३० मिलीला एक सपाट चमचा असतो, म्हणजे ६० ला दोन, पण तुमच्या डब्यावरचंच वाचा. अर्धा चमचा असला अंदाज नको. ढवळा, भांडं गार पाण्यात धरून कोमट करा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, ना गरम ना गार असं लागलं पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये नाही, मध्येच चटका बसेल इतकं गरम राहतं.

केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, बाळाने तोंड लावून उरलेलं ओतून टाकायचं. जीव तुटतो टाकताना, कळतं मला, पण उरलेलं पुन्हा गरम करून दिलेल्या दुधानेच जुलाब लागतात. रात्रीसाठी आणि प्रवासासाठी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये, आणि पावडर कोरड्या डबीत वेगळी मोजून, लागेल तेव्हा कालवा. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असेल तर तिथे बसून शांतपणे पाजता येतं, अंगावर असो वा वाटीने.

"बाळाला जड जाईल" म्हणून पातळ करू नका आणि "झोपेल रात्रभर" म्हणून घट्ट करू नका. पातळ दुधाने वजन वाढत नाही आणि रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात, घट्ट दुधाने बाळाच्या शरीरातलं पाणी कमी होतं आणि शी खडा होते. साखर, खारीक पावडर, मध, ग्राइप वॉटर काही मिसळायचं नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाही नाही, बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. गुटीचंही सहा महिने नाव काढू नका.

पाजायला बाटलीच लागते असं नाही. आजीच्या कपाटात चांदीचं बोंडलं असेल तर ते काढा, नवजात विभागात तसंच भांडं वापरतात, पलाडाई म्हणतात. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवायची, दूध ओठाला लागू द्यायचं आणि बाळाला स्वतः गिळू द्यायचं, घशात ओतायचं नाही. थोडं सांडतं, चालतं. याने निपलची सवय लागून अंगावर न धरण्याचा त्रास कमी होतो. बाटली वापरलीत तर बाळाला आडवं झोपवून तोंडात बाटली टेकवून ठेवू नका, मध्ये मध्ये थांबवा, पोट भरलं की तोंड फिरवतं, तेव्हा बास. शेवटचे दहा मिली संपवायचा हट्ट नको.

वरचं देतानाही अंगावरचं टिकवायचं असेल तर

दूध मागणीवर बनतं. ज्या वेळेला बाळ वाटीतून पितं त्या वेळेला छातीला निरोपच जात नाही. म्हणून एक नियम, वरचं जेव्हा जेव्हा दिलं तेव्हा तेव्हा हाताने किंवा पंपाने दूध काढायचं, थेंब आले तरी. आधी अंगावर, मग कमी पडेल तेवढंच वरचं, आणि ते किती मिली हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं. "आता चालू केलंय तर पूर्णच चालू करा" असं कुणी म्हणेल, ऐकू नका, थोडं वरचं आणि बाकी अंगावरचं हेही खूप मोलाचं आहे, आणि बऱ्याच बायकांचं वरचं आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतं. हातानं दूध कसं काढायचं हे आठव्या महिन्यात नुसतं बघून ठेवा, करायचं ते डिलिव्हरीनंतर. पाजताना दुखत असेल, निपल चिरलं असेल तर बहुतेक वेळा बाळाची स्तन तोंडात धरायची पकड चुकलेली असते, डबा आणायच्या आधी ती कुणा जाणकाराला दाखवा.

सिस्टरशी बोलणं कसं होतं तेही सांगते. आजी म्हणतात, "सिस्टर, बाळ उपाशी आहे हो, काहीतरी द्या." तिथे बाळाच्या बाबाने बोलायचं असतं, आईने नाही, ती आधीच थकलेली असते. "आई, थांब जरा. सिस्टर, आज शू किती वेळा झाली ते लिहिलंय, वजन किती उतरलं ते सांगता का? पकड बघून द्याल का एकदा? त्यानंतरही डॉक्टरांनी द्या म्हटलं तर देऊ." एवढं बोलायला आवाज चढवावा लागत नाही आणि आजीचाही मान राहतो. पुढे घरी मालिशवाल्या मावशी, शेजारच्या काकू, सगळ्या काही ना काही सांगणारच, त्यांनाही हेच आकडे दाखवा.

नोकरीवाल्या आयांसाठी थोडं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर द्यावं लागतं. पण घरकाम, शेतमजुरी, ऊसतोड करणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही, ती पंधरा-वीस दिवसांत कामावर असते आणि मागे बाळाला सांभाळणारी असते सात-आठ वर्षांची बहीण. तिला "निव्वळ अंगावर पाजा" एवढंच सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. काढलेलं दूध स्वच्छ झाकलेल्या भांड्यात, सावलीच्या गार जागी, साधारण चार तास चालतं, ते वाटी-चमच्याने द्यायचं, हे तिला आणि सांभाळणाऱ्याला दोघांना दाखवायला पाहिजे. आणि पावडर लागणारच असेल तर कालवणारा माणूस मोठाच हवा हेही.

सहा महिने पूर्ण झाले की वरण, मऊ भात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं असं घरचं खाणं सुरू होतं, दूध चालूच राहतं. फॉर्म्युलावर असलेल्या बाळाला स्टेज १ पुढेही चालतो, स्टेज २ ला बदललंच पाहिजे असं नाही. वर्ष झालं की साधं उकळलेलं गाईम्हशीचं दूध वाटीने किंवा पेल्याने चालतं, डबा बंद. एक वर्षानंतरच्या मुलांसाठी म्हणून ज्या गोड पावडरी दुकानात समोर मांडलेल्या असतात त्यांची निरोगी मुलाला गरज नसते, आणि अंगावरचं दूध आई-बाळाला जमत असेल तर दोन वर्षं किंवा त्यापुढेही खुशाल पाजा.